ए प्लस प्लस कुणाला? फायलींना!

नॅकची समिती येणार म्हटलं की कॉलेजात रंगरंगोटी सुरू व्हायची. कुंड्या यायच्या, रात्री जागून फायली ‘तयार’ व्हायच्या. ३.५१ किंवा अधिक गुण मिळाले की ए प्लस प्लस मिळायचं, आणि चौकात फ्लेक्स लागायचा!

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका विद्यापीठाकडून लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं तपासणी समितीच्या अध्यक्षालाच अटक केली. २०२३ मध्येच गैरप्रकारांवर बोट ठेवत डॉ. भूषण पटवर्धनांनी नॅकच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपद सोडलं होतं. तेव्हा किती जणांनी ऐकलं?

माहिती कॉलेजनंच भरायची, बहुतेक गुणही तिच्यावरच. मग दुसरं काय होणार? प्राध्यापकांच्या किती जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर किती जण, हे जाहीर करा. न कळवता तपासायला या. वर्गातल्या पोरांना विचारा. फी ते शिकण्यासाठी भरतात, फ्लेक्ससाठी नाही.