आधी विद्यार्थ्यांच्या फिल्म पाहा



ॲनिमेशनचे कॉलेज निवडण्याविषयीच्या मागील अंकातील पत्रात सगळा भर महागड्या सॉफ्टवेअरवर आहे. तो मला पटत नाही. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले! आयआयटी मुंबईत बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी ‘युसीड’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते; तिच्यात हाताने चित्र काढायला लावतात, ते उगाच नव्हे.

प्रवेशाआधी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या फिल्म दाखवायला सांगा. पात्राच्या चालण्यात वजन जाणवते का? माणूस समोर बसवून रेखाटनाचा सराव होतो का? शिकवणाऱ्यांनी स्वतः काय केले आहे? फिल्म दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर पालकांनी कर्ज काढून तिथे फी भरू नये, ही कळकळीची विनंती.

– एक कलाशिक्षक, नाशिक