पाहुण्यांसाठी भारत भवन

नागपूर-जळगावकडचे पाहुणे आले की भोपाळचं मराठी घर त्यांना हमखास भारत भवनात नेतं. मोठा तलाव, चार्ल्स कोरियांनी श्यामला टेकडीच्या उतारात मुरवलेली वास्तू, जनगढसिंह श्यामची चित्रं. यजमानांच्या आवाजात अभिमान असतो. ही आमच्या भोपाळची शान.

त्याच घरातल्या अकरावीच्या मुलाने नाट्य विद्यालयाचं नाव काढून पाहावं. मध्य प्रदेश नाट्य विद्यालय याच शहरात आहे, 2011पासून. बाबा आधी हसण्यावारी नेतात. मग ठरलेलं वाक्य येतं : "आम्ही घरदार सोडून इथवर आलो ते कशासाठी?" आठवड्याभरात एम. पी. नगरातल्या कोचिंगची फी भरली जाते.

भीती खोटी नाही. भेल कारखान्याचं क्वार्टर निवृत्तीनंतर रिकामं करावं लागतं. गावच्या शेतात हिस्सा मागायला तोंड उरलेलं नसतं. परमुलखात पदवी हाच सातबारा. मान्य.

पण ते वाक्य पुन्हा ऐका. घरदार सोडलं, हे त्यात कर्तृत्व म्हणून सांगितलेलं आहे. वडील शेती बघ म्हणत होते आणि पोरगा डिप्लोमाचा कागद घेऊन गाडीत बसला, तोच आजचा बाबा. त्याने वाट मोडली ते धाडस. मुलाने मोडायची म्हटली की खूळ.

आणि भारत भवन कोणी उभं केलं? 1982 साली त्याचं उद्घाटन झालं. तिथलं रंगमंडळ घडवलं ब. व. कारंत यांनी. हे कारंत पोरवयात घरातून पळून गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत शिरले होते. 'रूपंकर' हे तिथलं कलासंग्रहालय उभारणारे चित्रकार जे. स्वामिनाथन वैद्यकीयच्या वाटेवरून मागे फिरलेले. जनगढ पाटणगढहून भोपाळला आला तेव्हा विशीच्या आसपासचा; चित्र काढून पोट भरेल, याची हमी त्याला कोणी दिली होती? पाहुण्यांना जी शान दाखवली जाते, ती अशा घर सोडलेल्या, वाट सोडलेल्या माणसांची कमाई आहे. एवढं मात्र दालनं दाखवताना कोणी सांगत नाही.

तलावाकडे पाठ करून फोटो निघतात. मग एखादी मावशी विचारते, मुलगा नाही आला?

रविवारी त्याची टेस्ट असते.