आडवी बाटली आणि मतदारांची यादी

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी 20 मार्च 1927 रोजी आपल्या लोकांनी ओंजळीत घेतले. परंतु त्यावरील हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम होण्यास मार्च 1937 उजाडावा लागला. हक्क बजावण्यास किती चिकाटी लागते, हे महाड-पोलादपूरच्या बौद्ध कुटुंबांस निराळे सांगावयास नको. दारूबाबतही असाच एक हक्क तुमच्या हाती आहे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु प्रतिज्ञा घेणाऱ्याच्या दारातच दुकान असेल, तर सारा भार त्याच्या एकट्याच्या मनोनिग्रहावर टाकणे न्याय्य नव्हे. दारूने यकृत निकामी होते, कर्करोगाचा धोका वाढतो. थोडी घेतल्यास अपाय नाही, हा समजही जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये खोडून काढला. चोरट्या दारूचे तर विचारूच नका. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. कारखान्यांत वापरले जाणारे हे द्रावक पोटात गेले की त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. त्याने दृष्टी जाते, पुढे प्राणही. असा गुत्ता दिसल्यास पोलिसांत तक्रार करावी. तेथे मतदानाची गरज नाही.

परवान्याच्या दुकानाची गोष्ट वेगळी. 2008 च्या शासन आदेशान्वये गावातील 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केल्यास, पडताळणीनंतर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीस निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद. मात्र यात एक मेख आहे. हे निम्मे मतदानास आलेल्या स्त्रियांचे नव्हे, तर यादीतील सर्व महिला मतदारांचे. जी भगिनी घरी राहिली तिचे मत, तिची इच्छा नसताही, दुकानदाराच्याच पदरात पडते.

आपल्याकडे अनेक बिऱ्हाडे मुंबईस, नावे मात्र गावच्या यादीत. वारलेल्या स्त्रियांची, सासरी गेलेल्या मुलींची नावेही पुष्कळदा तशीच राहतात. म्हणून सह्या घेण्यापूर्वी यादी वाचा. अशी नावे कमी करून घ्या, नव्या सुनांची नोंदवा. मुंबईकर भगिनींनो, कायमच्या तिकडे असाल तर नाव तिकडे हलवा. नाव गावी असेल तर मतदानाचा दिवस कळताच एस.टी.ने या. त्या दिवशी चूल आणि पोरे पुरुषांनी सांभाळावीत.