वाघाचं लोकेशन नेमकं कुणाचं?

गेल्या उन्हाळ्यात एका मित्राने आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाघिणीचा फोटो टाकला. जंगलाशेजारच्या रस्त्यावरून मोबाईलवर काढलेला. क्वालिटी कमी होऊ नये म्हणून पठ्ठ्याने तो 'डॉक्युमेंट' करून पाठवला होता. मी सवयीप्रमाणे फोटोचे डिटेल्स उघडले, तर खाली नकाशा आणि त्यावर बरोब्बर पाणवठ्यापाशी टाचणी. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर लोक, त्यातले निम्मे मला माहीतही नाहीत.

ही एकच टाचणी शास्त्रज्ञांना मिळवायची असेल तर काय करावं लागतं, माहितीये?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी पाय ठेवायचा तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. प्राण्याला पकडून कॉलर लावायची असेल तर गोष्ट आणखी वर जाते, कारण या कायद्यात 'शिकार' या शब्दात प्राण्याला पकडणंही येतं. म्हणजे कॉलर लावणारा शास्त्रज्ञ कागदोपत्री 'शिकारी'च! संशोधनासाठी तशी सूट कलम १२ देतं, पण वाघ अनुसूची १ मध्ये असल्याने त्याआधी केंद्र सरकारची परवानगी हवी. संशोधक या कागदपत्रांना वैतागतात आणि ते मला पटतंही, कारण पावसाळ्यापूर्वीचा अभ्यास परवाना पावसाळ्यानंतर आला तर एक वर्ष फुकट जातं.

पण या कटकटीतून काय मिळतं तेही बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधल्या एका तरुण वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर लावली. हाच तो 'वॉकर'. कॉलरमधलं जीपीएस ठरावीक वेळाने जागा टिपतं आणि सॅटेलाइटवरून पाठवतं. आपल्या फोनच्या लाइव्ह लोकेशनसारखंच, फक्त टॉवरची गरज नाही. वॉकर महाराष्ट्र आणि तेलंगणातून ३,००० किलोमीटरहून जास्त भटकला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याच्या ५,००० हून जास्त नोंदी जमल्या. शेतं, नाले, रस्ते ओलांडत वाघ कुठून जातो हे आता अंदाजाने सांगायची गरज उरली नाही.

आणि हा डेटा नुसता फाइलमध्ये पडून राहत नाही. नागपूर–जबलपूर महामार्गावर पेंचजवळ प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग बांधलेत. तिथे लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघासकट १८ जातींचे प्राणी ये-जा करताना दिसले. उद्या दुसऱ्या हायवेवर कुणी म्हणालं की 'कशाला एवढा खर्च', तर दाखवायला फोटो आहेत.

आता उलटी बाजू. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना-२११ या वाघाच्या कॉलरचा डेटा ज्या ईमेलवर यायचा, त्या खात्यात कुणीतरी घुसायचा प्रयत्न केला. लॉगिनचा प्रयत्न कुठून झाला? पुण्यातून! सर्व्हरने तो अडवला. शिवाय डेटा एन्क्रिप्टेड होता, म्हणजे मेल उघडला असता तरी खास सॉफ्टवेअरशिवाय त्यातून काही कळलं नसतं. तो शिकारीच होता असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण पूर्वी शिकाऱ्याला आठवडाभर माग काढावा लागे, तिथे एक पासवर्ड पुरेसा ठरू शकतो, एवढं त्यातून कळलं.

म्हणजे सगळा डेटा कुलुपात ठेवायचा? इथे माझं मत थोडं वेगळं आहे. कुलूप फक्त प्राण्यांसाठी नको. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. कॅमेऱ्यासमोरून फक्त वाघच जात नाही. सरपण, गवत आणायला निघालेल्या बायकाही जातात. कॉर्बेटच्या परिसरात एका संशोधकाने १४ महिने राहून २७० लोकांशी बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका महिलेचा खासगी अवस्थेतला फोटो कॅमेरा ट्रॅपमध्ये आला आणि स्थानिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. चिडलेल्या गावकऱ्यांनी आसपासचे कॅमेरे फोडले. फोडणारच की! संशोधनाच्या परवान्यात वाघाला त्रास होऊ नये याच्या अटी असतात. मग माणसाचा फोटो आला तर तो किती दिवसांत पुसायचा, मेमरी कार्ड कुणाच्या हातात राहणार, हेही तिथेच लिहिलं पाहिजे. माणसांचे फोटो आपोआप वेगळे काढणारं एआय आज सहज उपलब्ध आहे, तेव्हा तांत्रिक अडचण सांगून चालणार नाही.

लोकेशनचं म्हणाल तर लाइव्ह डेटा बंदच हवा. पण वर्ष-दोन वर्षं जुन्या वाटा लोकांसमोर याव्यात, नाहीतर कॉरिडॉरमधून रस्ता किंवा खाण निघाली की प्रश्न विचारायला आपल्या हातात काही राहत नाही. मधला मार्ग निघतो. आयनॅचरलिस्ट अ‍ॅप धोक्यातल्या प्राण्याची नोंद नकाशावर वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी सरकवून दाखवतं. प्राणी त्या भागात आहे हे कळतं, पाणवठा कळत नाही.

आपल्या फोनमध्ये मात्र हे आपोआप होत नाही. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' बंद करा. आयफोनवर प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये जाऊन कॅमेऱ्याला 'नेव्हर' करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर लोकेशन निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर तसंच राहतं.

मित्राला मी लगेच फोन केला. त्याने तो फोटो 'डिलीट फॉर एव्हरीवन' केला. पण त्याआधी इन्फो उघडून बघितलं, तर 'रीड बाय'मध्ये ऐंशीच्या वर नावं होती.