नाममुद्रा

कवीने स्वतःचे शब्द स्वतःच गावेत, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाला गेल्या दोन दशकांत नव्याने आवडू लागली. २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ने सभागृहे भरली आणि ‘कवी-गायक’ हा शब्द रुळला. पुढे हाती गिटार घेतलेली मुले आली. त्यांच्या अल्बमच्या परिचयात ब्लूज, सोल आणि लोकसंगीत यांचा ‘प्रभाव’ अगत्याने नोंदवलेला असतो. प्रभाव घेण्याला माझी हरकत नाही. मात्र ‘लोकसंगीत’ या शब्दामागची माणसे कुठे जातात, हा प्रश्न नारायणगावात राहून टाळता येत नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, जत्रेची सुपारी ठरते. हे गाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेलेली ही कलावती २००२ मध्ये गेली, ती विपन्नावस्थेत. राज्य शासनाने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो त्यानंतर.

फडाचे गाणे कान देऊन ऐकावे. मुख्य गायकाची ओळ संपते न संपते तोच मागचे झीलकरी तिचे शेपूट उचलतात आणि वरच्या पट्टीत ओढत नेतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये हाकेला अशीच साद मिळते. सोल संगीत त्याच सादेतून आले. शेतमजुरांच्या आणि गुलामांच्या वंशजांच्या कष्टातून ब्लूज आला, आणि तमाशा मुख्यतः महार-मांगांच्या गळ्यांनी जगवला. हे साम्य निव्वळ सुरांचे नाही. दोन्हीकडे गाणे हवेहवेसे झाले, गाणारा मात्र वेशीबाहेर राहिला.

येथे ट्रेसी चॅपमन या गायिकेचे उदाहरण बोलके आहे. क्लीव्हलँडच्या या कृष्णवर्णीय मुलीचा पहिला अल्बम १९८८ मध्ये आला. त्यातील अकराही गाणी तिची स्वतःची. ब्लूज, सोल आणि लोकगीत तिन्ही त्यात मुरलेले, पण मिरवलेले नाहीत. एका गाण्यात तर वाद्यच नाही. भिंतीपलीकडे मार खाणाऱ्या बाईची हकिकत ती निव्वळ गळ्यावर सांगते. पस्तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच अल्बममधले ‘फास्ट कार’ ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकाने गाऊन गाजवले. कंट्री संगीताच्या त्या वर्षीच्या प्रतिष्ठित पुरस्कारांत सर्वोत्तम गीताचा मान मिळाला तो चॅपमनला, कारण गीत तिचे होते. तो मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणे परक्या गळ्यात गेले, तरी नाव कर्तीपाशी राहिले.

आपल्याकडे ही जाण नव्हती असे नाही. शाहीर लावणीच्या अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफत असे. ही नाममुद्रा म्हणजे त्याचा मालकीहक्कच. होनाजी शिलारखाने रचीत आणि बाळा करंजकर गात. लोकांनी दोघांना जोडून ‘होनाजी बाळा’ असे एकच नाव केले. गाणाराही रचणाऱ्याइतकाच धनी, हा न्याय पेशवाईच्या उतरत्या काळातील श्रोत्यांना कळत होता. आम्हाला मात्र ‘पारंपरिक’ हा एकच शब्द पुरतो. अखेरचे कडवे गाळले की कवी गळतो. ‘पारंपरिक’ असे छापले की ज्या फडाकडून चाल घेतली तोही गळतो.

यावर कोणी म्हणेल, लोकगीताला कर्ता कुठे असतो? काहींना नसतो, हे मान्य. ओवीचा कर्ता शोधणे व्यर्थ आहे. परंतु ज्या गाण्याच्या पोटातच कर्त्याचे नाव आहे, ते निनावी ठरवणे हे अज्ञान नव्हे, सोय आहे. आणि कर्ता नसला तरी शिकवणारा असतोच. कुणाच्या तरी राहुटीत बसूनच ती झील कानी पडलेली असते.

म्हणून नव्या कवी-गायकांकडे मागणे एवढेच. ब्लूजचे ऋण आपण कौतुकाने सांगता, तसेच हेही सांगावे. ज्या फडाकडून, ज्या बाईकडून चाल घेतली, तिचे नाव अल्बमवर छापावे आणि मोबदल्यात तिचा वाटा ठेवावा. विठाबाईंच्या नावात बाप, जात आणि गाव तिन्ही उघडपणे नांदत होती. ते नाव त्यांनी कधी लपवले नाही. आपण तरी ते का गाळावे?