सी ड्राइव्हमध्ये काही नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे!



या महिन्यात माझ्या स्वतःच्या घरातली चूक सांगते. सांगताना अजून लाज वाटते. पण मुलांना फळ्यावर मी नेहमी म्हणते, चूक लपवली की ती पुन्हा होते. म्हणून सांगते.

माझ्या नानीला आमच्या कोकणी बोलीतली लग्नाची गाणी तोंडपाठ होती. हळदीची, मेहंदीची, नवरी घरातून निघतानाची. ती कुठल्या वहीत लिहिलेली नव्हती, नानीच्या गळ्यातच होती. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी घरचा जुना कॉम्प्युटर, एक साधा यूएसबी माइक आणि ऑडॅसिटी हा मोफत मिळणारा प्रोग्राम घेऊन तिच्यासमोर बसले. पंख्याची घरघर माइकमध्ये येत होती, म्हणून पंखा बंद केला. दोघी घामाघूम झालो. दोन दिवसांत सात गाणी झाली. फाइल्स डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून मी त्या डेस्कटॉपवर ठेवल्या. थंडीत नानी गेली.

पुढच्या पावसाळ्यात कॉम्प्युटर सुरू होईना. दुरुस्तीला आलेला मुलगा चांगला होता. त्याने दोनदा विचारलं, "मॅडम, विंडोज नव्याने टाकावं लागेल. सी ड्राइव्ह फॉरमॅट होईल. सी मध्ये काही महत्त्वाचं आहे का?"

मी दोन्ही वेळा ठामपणे म्हणाले, "नाही रे, सी मध्ये काही नाही. सगळं डेस्कटॉपवर आहे."

तासाभराने कॉम्प्युटर सुरू झाला. नवा, स्वच्छ, रिकामा डेस्कटॉप. आणि तेव्हा मला कळलं की डेस्कटॉप ही वेगळी जागा नसतेच. तो सी ड्राइव्हच्या आतलाच एक फोल्डर असतो. 'डॉक्युमेंट्स', 'म्युझिक' आणि 'डाउनलोड्स' हे फोल्डरही तसेच; आपण मुद्दाम हलवले नसतील तर ते सी मध्येच असतात. मुलाची चूक नव्हती. घर माझं होतं आणि सामान कुठे ठेवलंय हे मलाच ठाऊक नव्हतं.

आता मुद्द्याचं बोलू. ज्या घरात आवाज रेकॉर्ड होतो, मग तो आजीच्या आठवणींचा असो, मुलाच्या नातचा असो की शिकवणीच्या धड्यांचा, त्या घरातल्या कॉम्प्युटरची मांडणी थोडी वेगळी हवी.

सी ड्राइव्हला स्वयंपाकघर समजा. तिथे रोज कामं होतात, सांडतं, पुसतं, कधी ओटा फोडून नवा बसवावा लागतो. दागिन्यांची पेटी कुणी ओट्यावर ठेवत नाही. विंडोज आणि प्रोग्राम सी मध्ये, आणि आपले आवाज दुसऱ्या खोलीत. एकाच डिस्कमध्ये भिंत घालून अशी दुसरी खोली करणं म्हणजे पार्टिशन. पुढे विंडोज नव्याने टाकावं लागलं, तरी फक्त सी पुसलं जातं आणि दुसरी खोली तशीच राहते. अर्थात पुसताना नेमकं सी निवडलं तरच!

स्वयंपाकघर किती मोठं हवं? विंडोज 11साठी मायक्रोसॉफ्टने किमान 64 जीबी जागा सांगितली आहे. पण अपडेट आणि प्रोग्राम वाढत जातात, त्यामुळे 120 ते 150 जीबी ठेवलेलं बरं. आवाजाला किती लागते तेही पाहा. ऑडॅसिटी मूळ सेटिंगवर, म्हणजे 32 बिटमध्ये, 44,100 हर्ट्झवर स्टिरिओ रेकॉर्ड करत असेल, तर एका मिनिटाला साधारण 21 एमबी आणि तासाला सव्वा जीबीच्या आसपास जागा जाते. 100 जीबीत सुमारे 80 तास मावतील. एकच माइक आणि एकच माणूस बोलणारा असेल तर मोनो निवडा. जागा निम्मी लागते आणि आवाजात काही कमी होत नाही.

भिंत घालण्याआधी सगळ्या फाइल्सची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, कारण मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहतं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

मग स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. सी च्या पट्टीवर उजवी क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. किती जागा काढायची ते एमबीत लिहायचं असतं. एक जीबी म्हणजे 1,024 एमबी, त्यामुळे 200 जीबीसाठी 2,04,800. मोकळी जागा भरपूर असूनही विंडोज कमीच देऊ करतं असं कधीकधी दिसतं. काही फाइल्स जागेवरून हलवता येत नाहीत, त्या आडव्या येतात. तेवढ्यावर समाधान माना, जबरदस्ती करू नका. जागा मोकळी झाली की काळी पट्टी दिसेल. तिच्यावर उजवी क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', फाइल सिस्टिम एनटीएफएस, आणि नाव द्या 'आवाज'. शेजारी बिनअक्षराच्या दोन-तीन लहान पट्ट्या दिसतील. कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी त्या लागतात. 'या कशाला?' म्हणून त्यांना हात लावू नका.

भिंत झाली म्हणजे सामान आपोआप हलत नाही. 'म्युझिक' फोल्डरवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'लोकेशन', आणि तिथून तो नव्या ड्राइव्हमधल्या एखाद्या फोल्डरात न्या. ऑडॅसिटीमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. तुम्ही रेकॉर्ड करता ते सेव्ह करेपर्यंत एका तात्पुरत्या फोल्डरात साठतं, आणि तो फोल्डर सी मध्ये असतो. म्हणजे सी भरलेलं असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर 200 जीबी मोकळे असूनही रेकॉर्डिंग अडेल. 'प्रेफरन्सेस'मधल्या 'डिरेक्टरीज'मध्ये जाऊन तो फोल्डरही नव्या ड्राइव्हवर न्या. 2021 साली आलेल्या 3.0 आवृत्तीपासून ऑडॅसिटीचं सगळं काम एकाच फाइलमध्ये राहतं. त्याआधीचं जुनं काम असेल तर छोट्या फाइलसोबत 'डेटा' नावाचा फोल्डर असतो, आवाज त्याच्यात असतो. नुसती छोटी फाइल जपून ठेवली तर हाती काही येत नाही. जपायची प्रत डब्ल्यूएव्ही करून ठेवा, पाठवायची एमपी3.

आता रोजची झाडलोट. सी चा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये 'टेम्पररी फाइल्स' साफ करता येतात, पण त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. त्यासमोर खूण नाही ना, हे पाहूनच पुढे जा. 'कॉम्प्युटर वेगवान करा' म्हणणारे फुकटचे प्रोग्राम नकोत, ते घाण काढण्यापेक्षा जास्त आणतात. डिस्क जुनी, फिरणारी असेल तर डीफ्रॅगमेंट करणं उपयोगी. एसएसडी असेल तर ते करू नये, तिची काळजी विंडोज स्वतः घेतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा, अपडेट थांबवा, स्लीप बंद करा, इंटरनेट तोडा. आजी रंगात आली असताना पडदा काळा झाला तर तो सूर परत येत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. पार्टिशनने वेग वाढत नाही. फिरणाऱ्या डिस्कमध्ये दोन्ही खोल्यांचं काम वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एकाच दांड्याला करावं लागतं, तो इकडून तिकडे धावतो. वेग हवा तर दुसरी डिस्कच हवी. आणि त्याहून मोठी गोष्ट: पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे. खोल्या दोन केल्या तरी छप्पर एकच आहे. डिस्कच बिघडली तर सी जाईल आणि 'आवाज'ही जाईल. म्हणून तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नका. काम झालं की काढून कपाटात.

कधी चुकून काही पुसलं गेलंच, तर कॉम्प्युटर त्या क्षणी बंद करा. पुसलेल्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं नाही, तर फिरणाऱ्या डिस्कवरून कधीकधी परत मिळतं. एसएसडीवर ती आशा फार कमी असते. मी हे न जाणता दोन दिवस त्याच कॉम्प्युटरवर निकालपत्रकं भरत बसले होते.

सातपैकी दोन गाणी आज आमच्याकडे आहेत. ती माझ्या शहाणपणाने वाचली नाहीत. कुवेतमधल्या खालाला आईची आठवण येते म्हणून मी ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, आणि तिने ती पुसली नव्हती. आवाज दबलेला आहे, कडा घासलेल्या आहेत, पण नानी आहे. घराबाहेरची एक प्रत म्हणजे काय, ते मला असं समजलं.

नानीची धाकटी बहीण अजून आहे. तिला त्यातली तीन गाणी येतात, दोन अर्धवट. येत्या सुट्टीत पुन्हा पंखा बंद करून बसायचं ठरलंय, इन्शाअल्लाह. या वेळी 'आवाज' नावाचा ड्राइव्ह तयार आहे आणि कपाटात डिस्कही आहे.

आज रात्री जेवणं आवरली की एवढंच करा. तुमच्या घरातल्या सगळ्यात मौल्यवान आवाजाच्या फाइलवर उजवी क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'लोकेशन' वाचा. पहिलं अक्षर सी असेल, तर झोपण्याआधी तिची एक नक्कल दुसरीकडे ठेवा. पार्टिशन रविवारी करा.