कापूस खारं पाणी सोसतो, पण जमीन सोसते का?



गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. कापूस खारट पाणी सोसणारं पीक आहे, तेव्हा खाडीकाठच्या पडीक जमिनीत कापूस लावा, मचूळ विहिरीचं पाणी द्या, काही होत नाही, असा. आपल्या रत्नागिरीतल्या दोघातिघांनी मला विचारलंसुद्धा. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. मी दहावी पास माणूस, पण हिशेब करता येतो.

आधी खरं काय ते मान्य करू. कापूस मीठ सोसतो हे खोटं नाही. पुस्तकात आकडा आहे. जमिनीची क्षारता, म्हणजे ईसी, ७.७ पर्यंत गेली तरी कापसाचं उत्पन्न फारसं घटत नाही. भाताचा हाच आकडा ३ आहे. त्याच्यापुढे ईसी एकने वाढली की कापूस साधारण ५ टक्के घटतो, भात १२ टक्के.

पण मेसेज लिहिणाऱ्याने दोन गोष्टी गाळल्या. पहिली, हा ७.७ आकडा मातीचा आहे, पाण्याचा नाही. दुसरी, तो उभ्या वाढलेल्या झाडाचा आहे. बी रुजताना आणि रोप कोवळं असताना कापूस एवढा दणकट नसतो. मातीत मीठ जास्त असलं की ओल असूनसुद्धा बियाला पाणी ओढता येत नाही. उगवण उशिरा आणि तुटक होते, नांग्या पडतात. पुढे झाड खुजं राहतं, पान लहान, फांद्या कमी, बोंडं कमी आणि हलकी. झाड जिवंत दिसतं म्हणून आपण म्हणतो सोसलं. अहो, सोसणं वेगळं आणि पिकणं वेगळं.

आता हिशेब बघा. २ ईसीचं पाणी म्हणजे लिटरला साधारण सव्वा ग्रॅम क्षार. जिभेला फार खारट लागणार नाही. एक एकराला ५ सेंटिमीटरचं एक पाणी दिलं तर २ लाख लिटर होतं. म्हणजे एका पाण्यात अडीच क्विंटल मीठ! चार पाण्यांत दहा क्विंटल. पाणी झाड पितं, ऊन पितं. मीठ कोणी पीत नाही, ते तिथंच राहतं. म्हणून पीक किती सोसतं हे नंतर विचारा. आधी विचारा, हे मीठ जाणार कुठे?

आपल्याकडे ते पावसाने जातं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जांभ्याची निचऱ्याची माती, उन्हाळ्यातलं मीठ जुलैपर्यंत धुऊन निघतं. खार जमिनीत आपले वाडवडील पहिल्या पावसाने मीठ उतरल्यावरच भात करायचे, ते उगाच नाही. पण काळ्या चिकण मातीत, सात-आठशे मिलिमीटर पावसात, मीठ जायला वाटच नसते.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. नऊशेच्या आसपास गावं. जमीन काळी, पीक कापसाचं, आणि जमिनीखालचं पाणी खारं. तिथला बहुतेक कापूस आजही पावसावर आहे. का? खारं पाणी देऊन कापूस पिकत असता तर ती मंडळी पायाखाली पाणी असताना आभाळाकडे बघत बसली नसती. ते पाणी दिलं की त्यातला सोडियम मातीचे कण सुटे करतो. वर पापडी धरते, खाली माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, मुळाला हवा नाही. म्हणून तिथे पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात धरून संरक्षित पाणी देण्यावर भर आहे. नुसता जिप्सम टाकूनही भागत नाही. सुटलेला सोडियम धुऊन न्यायला चांगलं पाणी आणि निचरा दोन्ही लागतं.

मग आपल्या खाजणात कापूस? पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं आणि कापसाच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही. पाऊस गेला की उन्हाने खालचं मीठ वर येतं, बांधाकडेला पांढरं दिसतं तेच. दोन्ही हंगाम गेले. खार जमिनीला आधी धड बांध आणि चालू उघाडी द्या, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल १, २, ३ या भाताच्या जाती लावा.

अजून एक. पाइपला चुंबक बसवा, पाणी गोडं होतं म्हणून विकणारे फिरतायत. विकत घेण्याआधी चुंबकाच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी दोन बाटल्यांत भरून ईसी मोजायला सांगा. विरघळलेलं मीठ चुंबकाने जात नाही. आकडा तोच येईल.

विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा तपासा, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात. पंप पंधरा-वीस मिनिटं चालवून मग स्वच्छ बाटली भरा. ईसी ०.७ च्या आत असेल तर निर्धास्त द्या. ०.७ ते ३ मध्ये पीक, माती आणि निचरा बघून. ३ च्या वर असेल तर हात आवरा. नुसत्या ईसीवर थांबू नका, सोडियमसाठी एसएआरसुद्धा मागा. खाडीजवळच्या विहिरीवर मोठा पंप लावून उपसा करू नका. गोड्या पाण्याची पातळी फूटभर उतरली की खालचं खारं पाणी हिशेबाने चाळीस फूट वर सरकू शकतं.

कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या साहेब लोकांनाही विनंती. "मध्यम क्षारयुक्त" असा शिक्का मारून रिपोर्ट हातात देऊ नका. ह्या मातीत, ह्या पिकाला, किती पाणी आणि कधी, ते दोन ओळीत मराठीत लिहून द्या. ते नसतं म्हणूनच शेतकरी मेसेजवर विश्वास ठेवतो.

पीक चार महिन्यांचं असतं. जमीन पोराबाळांची आहे.